एकटा एक्का

सासऱ्यांनी मला पत्ते शिकवले असं सांगितलं की आजच्या मुली हसतात. हसू देत. आमच्या लिंगायत व्यापाऱ्याच्या घरात सून सासऱ्यांशी थेट बोलत नसे. जेवायला वाढलंय हेसुद्धा सासूबाईंच्या मार्फत कळवायचं, मग सासरे हातभर अंतरावर बसलेले का असेनात. फक्त दिवाळीचे चार दिवस जाजम अंथरलं जाई, घरची माणसं चिंचोके लावून तीन पत्ती खेळत, आणि जाजमावर सासरा-सून हे नातं बंद असे. तिथं तोंडावर "मामंजी, तुमचा डाव गेला" असं म्हणायची मुभा होती. हा रिवाज कुणी पाडला ठाऊक नाही, पण मला तो फार आवडला.

परंड्यात आमचं कापडाचं दुकान होतं. लग्नानंतरची पहिली दिवाळी माहेरी गेली, म्हणून जाजमावर मी बसले ती दुसऱ्या वर्षी. निजामाच्या राजवटीची ती शेवटची दिवाळी, हे तेव्हा आम्हाला कुठं माहीत. मी आलेला प्रत्येक डाव खेळायची आणि तासाभरात माझ्यापुढं एक चिंचोका उरायचा नाही.

"पोरी, धा डावांतलं सहा-सात टाकायचंच असत्यात," सासरे म्हणाले. "पानं हातात आली की तवाच ठरवायचं. मागनं ठरवून उपेग न्हाय."

मग त्यांनी मला बसवून शिकवलं. तिन्ही पानं सारखी, लागोपाठची किंवा एका रंगाची आली तर बिनघोर खेळायचं, पण तसली पानं रोज येत नसतात. जोड आली तरी खेळायचं, मात्र जोड लहान असेल आणि समोरचा वाढवतच राहिला तर हट्ट करायचा नाही. यातलं काहीच नसेल तर गप पानं पालथी घालायची. मधे टाकलेला चिंचोका आपला राहिलेला नसतो, त्याच्या लोभानं दुसरा टाकायचा नाही.

माझी खोड एकट्या एक्क्याची. एक्का दिसला की बाकीच्या दोन पानांकडं मी बघतच नसे. एकदा त्यांनी माझी पानं उलटी केली. एक्का, पंजा, दुर्री.

"ह्याला काय म्हनायचं?"

"एक्का," मी म्हणाले.

"न्हाय. ह्याला पंजा आन दुर्री म्हनायचं. बाकीची दोन काय हायती, ते आदी बगायचं."

तिसऱ्या दिवशी मी त्यांना हरवलं. रागावतील असं वाटलं होतं, पण ते सासूबाईंना म्हणाले, "हिला डोळं हायती." मी दोन दिवस हवेत होते.

पुढच्या श्रावणापर्यंत सगळं बिघडलं. हत्यारबंद टोळ्या आसपासच्या गावांत शिरत होत्या. कुठं गंजी पेटल्या, कुठं माणसं कापली, अशा बातम्या रोज येत. ज्याला गाडी मिळेल तो सामान भरून सरहद्द ओलांडून बार्शीकडं, हिंदी संघराज्यात जात होता. एका दुपारी जेवताना माझे मालक म्हणाले, "आप्पा, गल्लीत दोनच घरं उरली. आपुनबी निघू."

सासरे शांतपणे भाकरी चुरत होते. "अमीनसाब रोज दुकानात चहा पितोय. काय व्हायचं असलं तर आदी सांगावा धाडील," ते म्हणाले. अमीन म्हणजे आमच्या तालुक्याचा फौजदार. "आन किल्ला हाय, तालुक्याचं गाव हाय. हितं कोन येतंय?"

मी दाराआड भाकरीची टोपली घेऊन उभी होते. मला सगळी पानं लख्ख दिसली. अमीनसाहेब हा एक्का. किल्ल्यात गंजक्या तोफांपलीकडं काही नव्हतं, आणि तालुक्याच्या गावाला कुणी हात लावणार नाही ही तर नुसती आमची समजूत. ज्यांनी मला हे बघायला शिकवलं, त्यांनाच ते दिसत नव्हतं.

खोलीत आल्यावर मी मालकांना हे बोलून दाखवलं. ते म्हणाले, "मग आप्पांना सांग की. तुझं ऐकत्यात ते."

"मी कशी बोलू त्यांच्यासंगट?"

"जाजम अंथरतो. पत्ते काढतो. मग तर झालं?"

ते थट्टा करत नव्हते. म्हणजे वाट होती. आणि मी म्हणाले, "श्रावणात पत्ते? लोक जीव घेऊन पळत्यात आन आपुन डाव मांडायचा व्हय? सासूबाई काय म्हनतील?" टोळ्यांपेक्षा मला सासूबाईंच्या कपाळावरच्या आठीची भीती जास्त होती. इतकी मूर्ख होते मी.

आठव्या दिवशी अमीनाची बदली झाली. आम्हाला सांगावा धाडायलाही त्याला सवड मिळाली नाही. नवा आला तो आम्हाला ओळखत नव्हता. दुपारी सासरे म्हणाले, निघायचं. पण आता गावात एक गाडी शिल्लक नव्हती. सोनारीला ओळखीच्या एकाकडं गाडी होती, ती आणायला मालक पायीच गेले. सांज व्हायच्या आत येतो म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन धनगरांनी त्यांना आणलं. ज्या गाडीसाठी ते गेले होते, तिच्यातच घालून आणलं.

आमच्यात माणसाला बसवून पुरतात. ते करणारे स्वामीही गाव सोडून गेले होते. सासरे स्वतः खड्ड्यात उतरले आणि लेकाला मांडी घालून बसवलं. मान सारखी कलत होती, ती ते पुन्हा पुन्हा सरळ करत होते. मग त्याच गाडीतून आम्ही तिघं सरहद्द ओलांडून गेलो.

बार्शीच्या छावणीत एकदा सासूबाई पाण्याला गेल्या होत्या. सासरे माझ्याशी बोलले. ना दिवाळी होती, ना जाजम.

"पोरी, तुला दिसलं हुतं का?"

नाही म्हणता आलं असतं. त्या म्हाताऱ्याला तेवढं तरी द्यायला हवं होतं, असं आता वाटतं. तेव्हा वाटलं नाही.

"व्हय, मामंजी."

"कवा?"

"तुमी बोलला तवाच. दाराआड हुते."

का बोलली नाहीस, असं त्यांनी विचारलं नाही. त्या दिवसापासून मात्र मरेपर्यंत त्यांनी मला विचारल्याशिवाय काही केलं नाही. दुकान पुन्हा उघडायचं का, जोंधळा किती भरायचा, बाहेर जाताना छत्री घेऊ का, सगळं चारचौघांत मोठ्यानं विचारायचे. मीही प्रत्येक वेळी पदर सावरून उत्तर देत गेले, आणि प्रत्येक वेळी मला त्यांचा संताप यायचा.