मेश्राम मॅडमच्या बरण्या

गोंदियातल्या आमच्या कॉलेजच्या प्राणीशास्त्र विभागात निकाल यायला महिने लागतात, किस्से मात्र रोज साठतात. चहाला बसलो की एकामागून एक निघतातच. बहुतेक मेश्राम मॅडमचे. मी आणि पटले सर त्यांचे सहकारी, म्हणजे साक्षीदार.

*

मॅडमनी एकदा दोन बरण्या भरल्या. एकीत साधं पाणी. दुसरीत मऊ प्लास्टिकच्या पाइपाचे तुकडे भिजवून, मग तुकडे काढून गाळलेलं पाणी. दोन्हींत डाफ्निया सोडले. पिसवेएवढा हा जीव, लहान मासे त्याच्यावर जगतात. पहिल्या बरणीत ते उड्या मारत राहिले. दुसरीत हळूहळू तळाला बसले.

पटले सरांनी ती बरणी उजेडात धरली. पाणी नितळ होतं.

"यात तर काहीच नाही."

मॅडमनी सांगितलं, प्लास्टिक मऊ व्हावं, रंगीत व्हावं, टिकावं म्हणून त्यात रसायनं मिसळतात. ती पाण्यात उतरली की दिसत नाहीत.

सरांनी टेबलावरची आपली पाण्याची बाटली उचलली, थोडा वेळ पाहिली, ठेवून दिली. दुसऱ्या दिवशी घरून तांब्या आला!

*

कॉलेज तपासायला समिती येणार होती. पटले सरांनी हौसेने प्लास्टिकची रंगीत झाडं आणून गप्पी माशांच्या टाकीत लावली. टाकी छान दिसू लागली. मग पाण्याला हिरवा रंग सुटला आणि पिल्लं मरून वर आली. मॅडमनी झाडं काढली, पाणी बदललं, उरलेल्या माशांजवळ बसून राहिल्या.

समितीतले साहेब म्हणाले, "टंकी एकदम खाली लग रही है."

पटले सर म्हणाले, "सर, मछली है. सजावट नहीं है."

*

मॅडमचं माहेर कोहमाऱ्याच्या पुढे, तलावाकाठी. गावाने मिळून तलाव साफ केला, पोती भरभरून प्लास्टिक काढलं आणि मॅडमना बोलायला बोलावलं. मीही गेलो.

काठावर त्या मला दाखवत होत्या, इथे आई लुगड्याच्या फडक्यात झिंगे, म्हणजे तलावातली लहान कोळंबी, धरायची, इथे पाय बुडवला की बारके मासे टोचायचे. चप्पल काढून त्यांनी पाय पाण्यात सोडले. बराच वेळ बसल्या. काहीच आलं नाही.

त्यांची मोठी माय, म्हणजे चुलती, मागे उभी होती. "प्लास्टिक तं निंगालं ना, बाई? मंग झिंगे काऊन नाही येऊन राहिले?"

मॅडम म्हणाल्या, नक्की कशाने गेले ते तपासल्याशिवाय सांगता येणार नाही. पण पाण्यात जे उतरलं, ते पोत्यात भरता येत नाही.

दुपारी मोठ्या मायने जेवायला वाढलं. भात आणि झिंग्यांची भाजी. मॅडमनी पहिला घास घेतला आणि डोळे मिटले.

"मोठे माय, आपल्या तलावाचीच चव आहे."

"कायची तलावाची? तुह्या गोंदियाच्या बाजारातून आणवले. तू येऊन राहिली म्हून."

मॅडमनी डोळे उघडले नाहीत. ताट तेवढं पुढे केलं.

"वाढ अजून."