नवमीचा कोयता

सदर इसम, नामे वर्षाली मनोहर निमकर्डे, वय वर्षे छत्तीस, अमरावतीच्या एका प्रयोगशाळेत चुंबकीय अनुनाद यंत्राची कंत्राटी चालक असून तिची वर्तणूक समाधानकारक, शिक्षण पदाला पुरून उरणारे व रजा नगण्य आहेत.

काम असं. औषधाची पूड विरघळवून पेन्सिलीएवढ्या काचनळीत भरायची, नळी चुंबकात सोडायची. पडद्यावर रेघा उमटतात. खऱ्या औषधाच्या रेघा ठरल्या जागी उभ्या राहतात, भेसळीच्या भलत्याच जागी. नातेवाइकांना मात्र ‘पोरगी एक्स-रे काढते’ एवढं पुरतं.

तिची आई पार्बताबाई अकोल्याजवळ मळ्यात राहते, भाजी पिकवते. गोळीनं वर्षानुवर्षं दबलेली मिरगी उन्हाळ्यापासून पुन्हा उठली. डॉक्टर म्हणाले, रोग वाढला असावा. वर्षालीला संशय गोळीचा. गोळी खोटी निघाली, तर आईला आशा होती. खरी निघाली, तर नव्हती. दुसरी गोळी घ्यायला म्हातारी तयार नाही. “सरकारी दवाखान्याची गोळी खोटी कशी असन व? फुकट देतेत, त्याईले काय फायदा?” हा युक्तिवाद अजून कोणाला खोडता आलेला नाही.

आईची गोळी यंत्रात तपासायला प्रयोगशाळेच्या साहेबांनी परवानगी दिली ती दसऱ्यानंतरची. आधी कंपन्यांचे नमुने. वर्षालीनं नळी भरून तयार ठेवली. नवमीला आईला झटका आला आणि ती अकोल्याला धावली. दरवर्षी यंत्राची पूजा ती स्वतः करवून घेई: हळदकुंकू दाराबाहेर, नारळही बाहेरच. यंदा सगळं शिपाई डोमाजीवर आलं.

दुपारी त्याचा फोन आला. “ताई, पूजा झाली. पण मशिनीतून पांढरा धूर निंगाला ना! मले वाटलं, देवी पावली. हात जोडले म्या.”

“आत काय नेलं होतं, डोमाजी?”

“कोयता. तो चिपकला. निंगूनच नाई राह्यला.”

“काहून नेला? दारावर पाटी आहे ना, लोखंड नेऊ नका म्हणून!”

“पाटी तं बाराही महिने राह्यते, ताई. नवमी आज होती. शस्त्राबिगर खंडेनवमी कायची?”

धूर नव्हता तो. चुंबकाला गार ठेवणारा हेलियम उडून गेला होता, आणि चुंबकाचं चुंबकत्वही. डोमाजीनं चूक केली होती, पण भक्तीत कसूर केली नव्हती. अशा माणसाला रागवायची सोय नसते.

नवा हेलियम यायचा तर प्रस्ताव मुंबईत मंजूर व्हावा लागतो. वर्षालीनं नागपूरच्या प्रयोगशाळेत विचारलं. तिथं खासगी व्यक्तीचा नमुना घेत नाहीत.

दिवाळीनंतर प्रयोगशाळेनं तिला, म्हणजे तिच्याच टेबलावर, लेखी कळवलं की अर्जदाराचा नमुना तांत्रिक कारणास्तव प्रलंबित असून योग्य ती कार्यवाही यथावकाश करण्यात येईल.

पार्बताबाईंना डॉक्टरांनी त्याच गोळ्या दुप्पट करून दिल्या आहेत.