दोराला हात माझा

"मावशी, हे जरा कुरकुरीत तळून द्या हं."

पुण्याची बाई होती. चुलीपाशी दारात उभी. पायांना ओली वाळू, दोन्ही हातांत एकेक बांगडा. चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. सकाळी किनाऱ्यावर रापण लागली होती, म्हणजे समुद्रात अर्धगोल टाकलेलं मोठं जाळं दोन्ही टोकांनी दोर धरून गावकरी वाळूवर ओढत होते. ही गंमत म्हणून त्यांच्यात शिरली आणि तिनंही दोर ओढला.

"त्या म्हाताऱ्या काकांनी दिले हो. पैसे नाही घेतले. म्हणाले, दोराला हात लावला त्याला आम्ही रिकाम्या हातानं पाठवत नाही."

मी तळून दिले. तिनं खाल्ले, बोटं चाटली, आणि उठताना माझ्या हातात एक नोट ठेवली. मग ओसरीवर बसलेल्या माझ्या मुलाला विचारलं, "या तुमच्या कोण?"

प्रकाशनं मान वर केली नाही. शुद्ध मराठीत म्हणाला, "कामाला ठेवलेली बाई आहे."

ठेवलेली. बाई.

पुण्याची बाई खोलीत गेली. प्रकाश आत आला आणि माझ्यापुढे हात पसरला. मी बघत राहिले. मग कळलं, नोट मागतोय. दिली. तो गेला. मी चुलीपुढे बसून राहिले. राग नाही, रडू नाही. तोंडात नुसती राख.

ज्या खोलीत ती बाई झोपत होती, ती माझी खोली. त्या भिंतींचा चिरा माझ्या मासेविक्रीतून आला. डोक्यावर पाटी घेऊन आमच्या तोंडवलीतून निघायचं, तरीच्या होडीतून खाडीपलीकडे जायचं, वाडी-वाडी फिरायचं. प्रकाशची कॉलेजची फी त्याच पाटीतून गेली. घरपट्टी आजही माझ्या नावावर येते.

नवरा गेला तेव्हा प्रकाश म्हणाला होता, "आये, आता तू बस. सगळा मी बघतंय." ऐकून मला बरं वाटलं. आईला बसवणारा मुलगा कुणाला नको असतो? तेव्हा दोन हजार साल उलटलं होतं, आमच्या किनाऱ्याला पर्यटक यायला लागले होते. प्रकाशनं घरावर राहण्या-जेवणाची सोय म्हणून पाटी रंगवली. आणि माझी पाटी काढून घेतली. म्हणाला, पाहुण्यांसमोर तुझ्या अंगाला मासळीचा वास बरा दिसत नाही. पाहुणे यायचे ते मासळी खायलाच, पण वास त्यांना चालत नव्हता.

मग पाटल्या. संडास-बाथरूम बांधायचे म्हणून गहाण टाकल्या. दोन महिन्यांत सोडवतो म्हणाला. मग खोली. सीझनपुरती मांगरात झोप, म्हणाला. मांगर म्हणजे परसातलं जाळी ठेवायचं खोपट. सीझन संपला, पाऊस पडून गेला, मी मांगरातच. सून डोक्याच्या तेलालासुद्धा "कालच तर दिलंय" म्हणायची.

आणि सगळ्यांत आत लागलं ते वाट्याचं.

आमच्या रापणीत माणूस मेला तरी त्याचा वाटा मरत नाही. तो त्याच्या बायकोला मिळतो. अट एकच. मोठ्या जाळ्यात प्रत्येकाचा आपापला तुकडा असतो, तो तिनं नीट ठेवायचा. फाटला तर शिवायचा. मी शिवत होते. मांगराच्या दारात बसून, नायलॉननं बोटं कापून घेत. पाहुणे यायचे, माझे फोटो काढायचे. प्रकाशला तेवढं चालायचं. पण वाट्याचे मासे तो किनाऱ्यावरून परस्पर आपल्या हाऱ्यात, मोठ्या टोपलीत, घेऊन यायचा. ते पाहुण्यांच्या ताटात जायचे, पैसे त्याच्या गल्ल्यात. मी ते मासे कापायची, तळायची. माझ्या पानात राहायचं कालवण आणि डोकी.

पुण्याच्या बाईनं थोडा वेळ दोर धरला आणि तिला तिचे दोन बांगडे मिळाले. हक्कानं. मी आयुष्य धरलं आणि मला काय मिळालं? कामाला ठेवलेली बाई.

तिथे माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. गेली ती अजून उतरलेली नाही. उतरूही नये.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता शिट्टी ऐकली. रापण लागली. मी मांगराच्या माळ्यावरची माझी जुनी पाटी काढली, झटकली. सून दातांना मशेरी लावत उभी होती.

"आये, च्याय कोण ठेवतलो? पाहुणे उठले!"

"ठेव तू," म्हटलं, आणि चालू लागले.

किनाऱ्यावर नेहमीची गर्दी. दोन्ही बाजूंना दोर ओढणारे, मध्ये पाहुणे, कॅमेरे. प्रकाश लांब कोरड्या वाळूत, पायाशी हारा ठेवून उभा. त्याच्या पँटला ओल लागलेली नव्हती. आमच्यात बायका दोर सहसा ओढत नाहीत, मासे निवडतात. मी साडी खोचली आणि दोर धरला. पुढचा गडी जरा सरकला, मला जागा दिली.

प्रकाश धावत आला. "आये, सोड ता. लोक बघतत."

"बघूंदेत."

"तुका झेपाचा नाय गो."

"तुझ्या पाहुण्यांचा जेवान झेपता, ता?"

मी ओढत राहिले. हाताची सालं निघाली. खांदे भरून आले. पण खरं सांगते, कित्येक दिवसांत इतकं बरं वाटलं नव्हतं.

जाळं वाळूवर आलं. बांगडा, पेडवे, थोडी तारली. वाळूवर वाटे पडले. भिकाजी तांडेल हा आमच्या रापणीचा म्होरक्या, माझ्या नवऱ्याच्या बरोबरीचा. तो एकेका वाट्यापाशी उभा राहून नाव पुकारतो. मेलेल्याचा वाटा मेलेल्याच्याच नावानं पुकारतात.

"सहदेवाचो वाटो!"

माझ्या नवऱ्याचं नाव. प्रकाश हारा घेऊन पुढे झाला. मी त्याच्या आडवी पाटी ठेवली.

"हयसर आसंय."

प्रकाश हसल्यासारखं करत तांडेलाला म्हणाला, "तात्यानू, आये थकली. कायमचो माझ्याच हाऱ्यात घाला."

"थकलंय?" मी म्हटलं. आवाज मोठा होता. मासे विकणारीचा आवाज, तो काही विसरला नव्हता. "घोव माझो मेलो. जाळां मी शिवतंय. दोराक हात माझो लागलो. ह्येना काय केल्यान? तात्यानू, ह्येका सुई धरूक सांगा. एक गाठ मारून दाखवूंदे."

तांडेल प्रकाशकडे बघत राहिला. "तुझ्यासाठी नेता म्हणान आमी देय होतव, वयनी. तुका काय गावाक नाय?"

"डोकी गावली," म्हटलं.

तांडेलानं खाली वाकून ओंजळी भरभरून मासे उचलले आणि माझ्या पाटीत घातले. शेवटच्या तारलीपर्यंत.

पुण्याची बाई तिथेच होती. गोंधळून म्हणाली, "अहो, पण या तर तुमच्याकडे कामाला..."

मला शुद्ध मराठी येत नाही असं प्रकाशला वाटत असावं. सातवी पास आहे मी.

"कामाला नाही," मी तिला म्हटलं. "मी याची आई. घर माझं आहे. तुम्ही झोपता ती खोली माझी आहे. आणि काल तुम्ही नोट दिलीत ती यानं माझ्या हातातून काढून घेतली."

तिची मान खाली गेली. प्रकाशची गेली नाही. तो दात आवळून माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "आज घर भरलेला आसा. मासे खंयसून हाडू?"

मी तिथेच वाळूवर बसले, पाटी पुढ्यात घेऊन. "माझ्याकडसून इकत घे. पयले पैसे, मगे मासे."

गिऱ्हाइकं जमली होती. सगळ्यांच्या देखत त्यानं खिशात हात घातला. मी त्याला एक पेडवासुद्धा वर घातला नाही.

घरी आल्यावर प्रकाश आणि सून दोघंही माझ्यावर तुटून पडले. बदनामी केलीस, धंदा बुडवलास. मी पाणी प्यायले आणि सांगितलं, "हे पाहुणे गेले काय ती खोली माझी. पाटल्यो सोडवून हाड. तवसर तुझ्या पाहुण्यांच्या चुलीक माझो हात लागाचो नाय." पाहुणे गेले त्याच दिवशी मी वळकटी उचलून खोलीत आले. कुलूप बाजारातून स्वतः आणलं. किल्ली कमरेला आहे.

पाटल्या अजून आल्या नाहीत. पाहुण्यांची चूलही मी अजून पेटवलेली नाही. त्यानं स्वयंपाकाला बाई ठेवली आहे. तिला पगार देतो. द्यावाच लागतो, ती काही त्याची आई नाही.

शेजारणी येतात, म्हणतात, "पोटचो पोर तो, जाऊंदे गो." मी विचारते, मी कोणाच्या पोटची होते? माझ्यासाठी कोण म्हणालं, जाऊ दे?

तांडेलाला मी चारचौघांत सांगून ठेवलं आहे. माझ्यामागे सहदेवाचा वाटा मुलगा म्हणून प्रकाशला द्यायचा नाही. त्यानं मांगराच्या दारात बसून जाळं शिवलं, दोर ओढला, तर द्या. नाहीतर जो शिवेल त्याला द्या, तो कुणाचाही असो. तोवर नाव पुकारलं की मीच ओ देणार, आणि मासे माझ्याच पाटीत पडणार.