मी तिला उचलणार नाही

आमचं गाव तमिळ मुलखात, तिरुक्करुगावूरच्या पलीकडे. तिथली गर्भ राखणारी देवी शेजारी असताना तुमची मुलगी अशी कशी, हे देवळात आलेल्या बायका मला तोंडावर विचारतात. अशी म्हणजे कशी? नऊ वर्षांची, बडबडी, गणितात माझ्याहून तेज. पाय तेवढे साथ देत नाहीत.

तिला उभं राहायला, पेन्सिल धरायला शिकवणाऱ्या खास शिक्षिका आठवड्यातून दोनदा गावच्या शाळेत यायच्या. यंदा त्या यायच्या बंद झाल्या. चार मुलांसाठी इतक्या लांब शिक्षिका पाठवायला निधी नाही, मुलांना कुंभकोणमच्या केंद्रात आणा, असं शिक्षण खात्याचं उत्तर आलं. म्हणजे दोन बस बदलून, कडेवर घेऊन.

एका सोमवारी आम्ही चौघी आया मुलांना घेऊन खात्याच्या कुंभकोणमच्या कचेरीतच गेलो. साहेब पहिल्या मजल्यावर, वर जायला नुसता जिना. शिपाई तमिळमध्ये म्हणाला, "उचलून आणा की, अम्मा. रोज उचलताच ना?"

माझं डोकंच फिरलं, पण राग आला तो आधी स्वतःचा. शाळेत, बसमध्ये, दवाखान्यात, नऊ वर्षं मी तिला निमूट उचलत आले होते. म्हणूनच या लोकांना आमचं सगळं सुरळीत चाललंय असं वाटत होतं.

शिपाई तिला घ्यायला वाकला. माझा पदर ओढत ती पिढ्यानपिढ्या इथे राहूनही आमच्या घरात टिकलेल्या मराठीत म्हणाली, "अम्मा, नक्को म्हणून सांग त्यांस."

"मी तिला उचलणार नाही. साहेबांना खाली बोलवा," असं सांगून मी पायरीवरच बसकण मारली. बाकीच्या तिघीही बसल्या. कुणी समजूत घातली, कुणी डोळे वटारले. आम्ही ढिम्म.

तासाभराने साहेब उतरले. कागद चाळून, उपकार केल्यासारखे म्हणाले, "बरं, आठवड्यातून एक दिवस पाठवतो. इथे सही करा."

"शहरातल्या मुलांना शिक्षिका रोज मिळते," मी म्हटलं. "लांबच्या मुलांना खर्च जास्त लागतो, म्हणून त्यांना कमी द्यायचं, हा कुठला न्याय? दोन दिवस होते, दोनच घेईन."

मी सही केली नाही. मिळत होता तो एक तरी घ्यायचास, असं सासूबाई अजून म्हणतात. लेकीचा एकेक आठवडा वाया जाताना पाहून माझाही जीव तुटतो, चुकलं की काय असं वाटतं. पण दर सोमवारी आम्ही चौघी मुलांना घेऊन तिथे जातो आणि वर चढत नाही. साहेबच खाली उतरतात.