नऊ उत्तरांचे साहेब

चहा कुठे चांगला मिळतो, असं साहेबांना विचारायची चूक तुम्ही एकदाच केली असती. ते खिशातून पेन काढायचे, हाताला लागेल तो कागद उलटा करायचे आणि त्यावर एक उभी आणि एक आडवी रेघ ओढायचे. एकीवर चहाची चव, दुसरीवर चालत जायला लागणारी मिनिटं. मग अंबरनाथमधल्या पाचसहा टपऱ्यांचे ठिपके. "ही बघा, ही लांबही आहे आणि हिचा चहाही पाणचट. दोन्हीकडून मार खाते, म्हणून बाद. उरल्या तीन. आता निवड तुमची!" तोवर जेवणाची सुट्टी संपलेली असायची आणि चहा राहून गेलेला असायचा.

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. अंबरनाथच्या एका रंगाच्या कारखान्यात मी प्रयोगशाळेत केमिस्ट होते, ते प्रोसेस इंजिनिअर. राहायला दोघेही बदलापूरला, कात्रपमध्ये, समोरासमोरच्या इमारतींत. कारखान्यातला एकुलता एक कॉम्प्युटर त्यांच्या खोलीत असे. देवघरात जावं तसं चपला बाहेर काढून आत जावं लागे.

त्या कॉम्प्युटरवर ते रंग बनवण्याच्या कृतींची वंशावळ चालवायचे. खोटं सांगत नाही. तापमान, वेळ आणि आम्लाचं प्रमाण वेगवेगळं धरून शंभर कृती तयार करायच्या, दुबळ्या गाळायच्या, बऱ्यांची एकमेकींशी लग्नं लावायची, त्यांच्या पोरांत मधूनच एखादा आकडा उगाच बदलायचा आणि पुन्हा गाळायचं. "निसर्ग हेच करत आलाय. फक्त त्याच्या डोक्यावर मॅनेजर नव्हता," असं त्यांचं म्हणणं. शिपाईसुद्धा दारातून विचारायचा, "साहेब, आज पोरं किती झाली?"

"शंभर."

"जगली किती?"

"कळेल संध्याकाळपर्यंत," ते गंभीरपणे सांगायचे.

परदेशातला कुणी मित्र त्यांना या विषयावरच्या लेखांचे झेरॉक्स पाठवायचा. त्या झेरॉक्सना ते वहीसारखं खाकी कव्हर घालत. "केमिस्टबाई, हे शास्त्र अजून रांगतंय. पण बघाल तुम्ही, उद्या पूल, मोटारी, औषधं, सगळीकडे हे असेल."

"आधी आपल्या दोन नंबरच्या युनिटचं बघा," मी म्हणायचे.

कारण दोन नंबरचं युनिट बंद पडायच्या बेतात होतं. ते वाफ फार खायचं आणि वाफेचा खर्च परवडेनासा झाला होता. रंगाचा दर्जा न घसरता वाफ कमी करून दाखवा, नाहीतर दिवाळीनंतर युनिटला कुलूप, असं मॅनेजरांनी स्वच्छ सांगितलं होतं. तिथे बावीस माणसं कामाला होती.

साहेब कामाला लागले आणि त्यांच्यामागे फरफटत मीही. त्यांच्या कॉम्प्युटरने जगवलेली प्रत्येक कृती मी प्रयोगशाळेत करून बघायची. माझी नखं महिनाभर निळी होती. घरी आमचे हे म्हणाले, "रंगपंचमी अजून लांब आहे ना गं?"

शेवटी नऊ कृती उरल्या. मॅनेजरांनी कागद बघितला. "नऊ? मला एक सांगा."

"एक नसतंच, सर. वाफ वाचवाल तितका रंग किंचित फिका. या नऊ जणी त्यातल्या त्यात शहाण्या. निवड तुमची."

"मग हा कॉम्प्युटर पोसायचा कशाला?" असं म्हणत मॅनेजरांनी सर्वांत कमी वाफेच्या कृतीवर बोट ठेवलं.

चार दिवस ती कृती चालली. पाचव्या दिवशी जांभूळ गावचा गणपत, युनिटमधला सर्वांत जुना ऑपरेटर, साहेबांच्या खोलीत आला. मी तिथेच होते. त्याने दोन्ही तळवे त्यांच्यापुढे धरले. लाल झालेले आणि चिरा पडलेले. वाफ कमी केल्यामुळे माल ओला राहत होता, गाळणीच्या कापडाला चिकटत होता आणि दर खेपेला दोन दोन तास हाताने खरवडावा लागत होता.

"सायेब, तुमच्या कागदावर आमचं हात कुठं हायेत?"

साहेबांनी चष्मा काढला. पुसून परत घातला. "चुकलो," ते म्हणाले. "मी दोनच रेघा ओढल्या."

मग त्यांनी खरवडायचा वेळही हिशेबात धरला. गटारात जाणारं रंगाचं पाणीही धरलं. दोन दिवसांनी धावत प्रयोगशाळेत आले. "अहो, आता कुणी बादच होत नाही! शंभरच्या शंभर जिवंत! प्रत्येक जण कशात ना कशात तरी शेजाऱ्यापेक्षा बरा निघतो."

"म्हणजे उत्तरच नाही?"

"याचं उत्तर अजून कुणाकडेच नीट नाही. पुढच्या पिढीने सोडवायचा प्रश्न आहे हा." आणि या माणसाचा चेहरा आनंदाने फुललेला!

"साहेब, दिवाळी पुढच्या पिढीत नाही. पंधरा दिवसांवर आलीय."

त्यांचा चेहरा उतरला आणि मला माझीच लाज वाटली. दुसऱ्या दिवशी मात्र त्यांनी शंभर कृतींच्या छापील कागदाची लांबलचक पट्टी कॅन्टीनच्या टेबलांवर अंथरली. युनिटची माणसं, बॉयलरवाला, मी, सगळ्यांना बसवलं. मॅनेजर हाताची घडी घालून दारात उभे. "काय आवडतं ते सांगू नका," साहेब म्हणाले. "काय चालणारच नाही, तेवढ्यावर फुली मारा."

मग जे भांडण झालं ते विचारू नका. बॉयलरवाला आणि गणपत एकमेकांच्या सात पिढ्यांवर गेले. पण फुल्या पडत गेल्या आणि दुसऱ्या चहापर्यंत एकच कृती उरली. कुणाचीच पहिल्या पसंतीची नव्हती, पण तिच्यावर फुली मारायला कुणाचा हात उठेना. मॅनेजरांनी हिशेब केला. "खर्च अजून थोडा जास्तच होतोय."

"ते मी बघतो," साहेब म्हणाले.

युनिट वाचलं. दिवाळीत गणपतने माझ्याकडेसुद्धा पेढे आणून दिले.

सुट्टीनंतर बघते तर साहेबांच्या खोलीला कुलूप. मॅनेजरांनी मान वर न करता एक कागद पुढे सरकवला. कॉम्प्युटर विभाग आणि त्यातलं इंजिनिअरचं पद रद्द करावं, म्हणजे वरचा खर्च भरून निघेल. अक्षर साहेबांचंच.

त्या संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले ती तणतणतच. निवृत्तीला तीन वर्षं होती त्यांच्या. "सगळ्यांना विचारलंत, बॉयलरवाल्याला विचारलंत. मग तुमच्यावर फुली मारताना आम्हाला का नाही विचारलं?"

त्यांनी खिशातून पेन काढलं आणि एकही रेघ न ओढता परत ठेवलं. वहिनी आतून पाणी घेऊन आल्या, तेव्हा मी रडत होते आणि ते खिडकीबाहेर बघत होते.

वर्षभरात ते मुलाकडे नागपूरला गेले. तिकडून एक पत्र आलं. त्यांच्या शास्त्रावर आता जगभर माणसं कामाला लागल्याचं दोन पानं भरून लिहिलं होतं. स्वतःच्या तब्येतीबद्दल एक ओळ. पुढे त्यांच्या जाण्याची बातमी आली तीही उशिराच.

दोन नंबरच्या युनिटमधला एकही माणूस कामावरून कमी झाला नाही. एकेक जण वय झाल्यावरच बाहेर पडला. कॅन्टीनच्या भिंतीवर त्या सगळ्यांच्या निरोपाचे फोटो लागले, गळ्यात झेंडूचे हार, हातात नारळ. गणपतच्या फोटोत कडेला मीही आहे. साहेबांचा फोटो तिथे नाही. त्यांना हार घालायचं आमच्या कुणाच्या लक्षातच आलं नाही.