राईतली माती आणि माझी कॉफी

आमच्या गावात कॉफी लावणारा मी पहिला आणि, देवाच्या कृपेने, शेवटचा माणूस.

मेव्हण्याने चिकमगळूरहून वीस रोपं आणली. पडवीतल्या कुंड्यांत, आमच्या तांबड्या मातीत, ती पिवळी पडू लागली. शेतीखात्यातले एक साहेब म्हणाले, "जुन्या जंगलातली माती घाला. तिच्यातली बुरशी मुळांना चिकटते आणि लांबचं अन्न ओढून आणते."

जुनं जंगल म्हणजे आमची देवराई. भर दुपारी शिरलो. आत एक पाखरू बोलत नव्हतं. घमेलं भरलं आणि (पळालो नाही, भरभर चाललो) घरी आलो. दहा रोपांना ती माती घातली, दहांना नाही. तुलना चोख हवी!

माती घातलेली तरारली, बाकीची मेली. मग कुंड्यांतून केसांसारखे पांढरे धागे निघाले आणि पडवीवरून स्वयंपाकघराकडे सरकू लागले. झाडले, तर सकाळी आणखी पुढे! फूटपट्टी लावली : वीतभर. मांजर पडवीत पाऊल टाकीना.

तेव्हा मोबाईलला रेंज फक्त विहिरीच्या कठड्यावर. तिथून ओरडलो, "साहेब, तुमची राईतली बुरशी उंबरठ्याशी आली!"

"ती डोळ्यांना दिसत नाही हो!"

"मग हे रोज वीतभर पुढे येतंय ते काय आहे?"

साहेब हळूच म्हणाले, "कुंड्या घराबाहेर ठेवा."

मागे बायको उभी. "राईतली? थयलो सुको पालो पण कोण उचलीत नाय, आणि तुमी घमेलाभर माती हाडलात? आधी परत करा, मगे जेवूक बसा!"

देवाला गाऱ्हाणं घालणारे गावकर नारळ घेऊन आले. मी कुंडी उपडी केली, पण मुळं माती सोडीनात. (बुरशीने काम चोख केलं होतं!)

"रोपां उपटून ठेवली तर?" मी विचारलं.

"मुळांक माती रवतली मा रे! सगळी परत गेली पायजे. रोपांसकट!" गावकर म्हणाले.

राईत खड्डे खणून दहाही रोपं लावली.

"बा देवा म्हाराजा, ह्या येड्याची चूक पोटात घाल!"

"होय म्हाराजा!" सगळ्यांत मोठा आवाज बायकोचा.

दुसऱ्या दिवशी पडवी स्वच्छ.

आता ती झाडं दरवर्षी लाल फळांनी लगडतात. एका सकाळी सगळी फळं नाहीशी होतात. खाली एक बीही नसते. कोण नेतं, हे मी विचारत नाही. साहेब मात्र सभांतून सांगतात, तालुक्यातला यशस्वी कॉफी बागायतदार मीच.

मी चहा पितो.