टाकीशेजारचं सुतभर आभाळ

माझं ईझल कोणीतरी हलवलं होतं. ईझल म्हणजे कॅनव्हास ठेवायचा तीन पायांचा स्टँड. गच्चीची चावी एकट्या वॉचमनकडे असायची, त्यामुळे चोर कोण ते उघडच होतं.

"आईशप्पथ साहेब, वर कोणी गेलेलं नाही," तो म्हणाला. मी काडीचाही विश्वास ठेवला नाही.

मी शहरं रंगवतो. कारखाने, पत्र्याच्या शेड, पाण्याच्या टाक्या, दिसतात तशा. तळेगावातल्या एका सोसायटीने क्लबहाउससाठी चित्र सांगितलं होतं. गच्चीवरून दिसणारं गेट, गेटजवळची चार खांबांवरची टाकी आणि मागे फॅक्टरीचं धुराडं. पहिल्या आठवड्यात ड्रॉइंग केलं तेव्हा टाकीची कड धुराड्याला चिकटलेली होती. तिसऱ्या आठवड्यात मध्ये सुतभर आभाळ दिसायला लागलं. आपण जागेवरून हललो की असं होतं. म्हणून ईझलच्या पायांपाशी मी पांढऱ्या रंगाच्या खुणा करून ठेवतो. वाकून बघितलं, तर तिन्ही पाय खुणांवर! वॉचमनसमोर माझं तोंड एवढंसं झालं.

मग संशय स्वतःच्या डोळ्यांवर. मोतीबिंदूचं ऑपरेशन गेल्याच वर्षी झालेलं. एक डोळा मिटला, मग दुसरा. फट तिथेच. शेवटी ओळंबा काढला. गवंडी भिंतीला लावतात तोच, दोऱ्याला बांधलेलं वजन. आम्ही हात लांब करून धरतो, उभी रेघ सरळ आहे का ते कळतं. धुराडं दोऱ्याशी जुळलं. टाकीचा खांब काही केल्या जुळेना. माझा डोळा बिघडला असता तर दोन्ही वाकडी दिसली असती. शेजारच्या प्लॉटवर बेसमेंटसाठी खड्डा खणला होता आणि टाकी त्याच बाजूला कलत होती. टाकीखाली एका मावशीची वडापावची टपरी होती, आणि शिफ्ट सुटली की तिथे तीस-चाळीस माणसं उभी असायची.

धावत खाली गेलो.

"मावशी, टपरी हलवा. टाकी कलली आहे."

मावशी रोज जवळच्या टाकवे गावाहून यायची. झारा हातात तसाच धरून तिने मला न्याहाळलं. "सेक्रेटरीनं धाडलं व्हय तुमाला? मला हितनं उठवायला रोज नवं कारण. आज टाकी!"

"अहो, शपथ घेतो."

"घ्या की. मी न्हाई हलायची."

वर पाइपच्या जोडातून पाणी ठिबकत होतं. खाली बादली लावलेली. "हे कधीपासून?"

"परवापासनं. लय बरं झालं, गिलास धुवाया हुतंय."

म्हणजे टाकी कलल्याने जोडही सुटायला लागला होता. तसाच सेक्रेटरीकडे गेलो, टाकी रिकामी करा म्हणालो.

"काका, तुम्ही चित्रकार की इंजिनिअर?" तो म्हणाला. "टाकी रिकामी केली तर तिन्ही विंग माझ्या डोक्यावर बसतील. खरं सांगा, त्या बाईने पढवलंय ना तुम्हाला?"

याचं आणि शेजारच्या बिल्डरचं साटंलोटं असणार, मला खात्रीच पटली. "एकदा वर या, स्वतः दोरा धरा, मग मला वेड्यात काढा!" मी ओरडलोच.

कुरकुरत आला. दोरा धरला. एकदा, दोनदा, तीनदा. मग फोन काढून इंजिनिअरला बोलावलं. माणूस चिडका होता, लबाड नव्हता.

दुपारी स्ट्रक्चरल इंजिनिअर आला. यंत्र लावून पाच मिनिटांत म्हणाला, "आत्ताच्या आत्ता रिकामी करा. खाली कोणी थांबायचं नाही." वॉल्व्ह उघडले. फर्स्ट शिफ्टच्या कामगारांनी टपरी उचलून रस्त्यापलीकडे नेली. मावशी कढई सांभाळत मागोमाग गेली. पुढे महिन्याभरात टाकी पाडली. कोणाला खरचटलंसुद्धा नाही.

चित्र क्लबहाउसात लागलं तेव्हा मी मावशीला मुद्दाम बघायला नेलं. खोटं कशाला बोलू, शाबासकी हवी होती मला. तिने बराच वेळ बघितलं. टाकी, खांब, गेटच्या सळया.

"समदं हाय," ती म्हणाली. "माजी टपरी कुटाय?"

टाकीखाली मी नुसती सावली भरली होती.

"सेक्रेटरीनं सांगितलं आसंल," ती म्हणाली.

"नाही मावशी. टपरीमुळे खांबांच्या रेघा तुटत होत्या, म्हणून मीच गाळली."

ती गिऱ्हाइकांकडे परत गेली. आता मी ड्रॉइंग जमिनीपासून सुरू करतो. आधी माणसं, मग टाक्या.